विंडोज १० बंद झालं म्हणजे नेमकं काय बंद झालं?

प्रश्न थोडक्यात असा आहे. वडिलांचं टॅक्सचं छोटं ऑफिस, २०१६ ला असेंबल करून घेतलेला डेस्कटॉप, सहाव्या जनरेशनचा आय-फाईव्ह, ८ जीबी रॅम, १ टीबी हार्डडिस्क, वर विंडोज १०. काम म्हणजे टॅली आणि जीएसटी, इन्कम टॅक्सची रिटर्नं. ऑक्टोबर २०२५ पासून स्क्रीनवर मेसेज येतोय की सपोर्ट संपला, विंडोज ११ टाकायला गेलं की हे मशीन चालणार नाही म्हणतंय, दुकानदार म्हणतो नवीन घ्या, आणि बाबा म्हणतात "चालतंय ना, मग कशाला?" तर खरं कोणाचं?

दोघांचंही अर्धंच खरं आहे. मी सांगलीत २००२ पासून काँप्युटर दुरुस्तीचं काम करतोय, एक्सपी गेलं तेव्हा (एप्रिल २०१४) आणि सेव्हन गेलं तेव्हा (जानेवारी २०२०) हाच प्रश्न हीच माणसं घेऊन आली होती, फक्त तेव्हा डोक्यावर केस होते माझ्या.

आधी "बंद" हा शब्द डोक्यातून काढा. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चालायचं थांबलं नाही, थांबणारही नाही. मशीन सुरू होईल, टॅली उघडेल, प्रिंट निघेल. बंद झाला तो दर महिन्याचा फुकटचा पॅच. मायक्रोसॉफ्ट दर महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी सगळी दुरुस्ती एकत्र सोडतं, आपल्याकडे ती मंगळवारी रात्री उशिरा येते आणि बुधवारी सकाळी तुमचे बाबा मशीन लावतात तेव्हा "अपडेट होतंय, बंद करू नका" असं गोल गोल फिरत बसतं आणि मग ते मला फोन करून शिव्या घालतात. तर ते फिरणं बंद झालं. बाबांना उलट बरंच वाटत असेल.

आता यात धोका नेमका कुठं आहे ते नीट समजून घ्या, कारण हे कोणी सांगत नाही, नुसतं "व्हायरस येईल" म्हणतात. विंडोज ११ हे काही शून्यातून लिहिलेलं नाही, आतलं बरंचसं कोड १० चंच आहे. त्यामुळं ११ मध्ये एखादं भोक (म्हणजे चोराला आत शिरता येईल अशी चूक) सापडलं आणि पॅच आला की चोर काय करतो, पॅचच्या आधीची फाईल आणि नंतरची फाईल शेजारी शेजारी ठेवतो आणि कुठं काय बदललं बघतो. म्हणजे भोक कुठं होतं हे त्याला आयतंच कळतं. तेच भोक १० मध्येही असतं, फक्त तिथं बुजवलेलं नसतं. म्हणजे ११ चा प्रत्येक पॅच हा पॅच न घेतलेल्या १० साठी एक प्रकारे नकाशाच. पहिल्या महिन्यात काही फरक पडत नाही, सहा महिन्यांनी थोडा पडतो, दोन वर्षांनी बराच. लोक म्हणतात "ऑक्टोबर होऊन इतके महिने झाले, काय झालं?" अहो गाडीचा इन्शुरन्स संपला त्याच दिवशी ॲक्सिडेंट होतो का?

आणि हे नुसतं घाबरवायला नाही सांगत. २०१७ चं वॉनाक्राय (फायली लॉक करून खंडणी मागणारा व्हायरस, याला रॅन्समवेअर म्हणतात) आठवत असेल, १२ मे ला सुरू झालं, ब्रिटनमधल्या सरकारी दवाखान्यांची अपॉइंटमेंट्स रद्द व्हायची वेळ आली. त्या भोकाचा पॅच मायक्रोसॉफ्टनं दोन महिने आधी, १४ मार्चलाच दिला होता. फुकट होता, फक्त लोकांनी घेतला नव्हता, आणि अडकलेली बहुतेक मशीनं सेव्हनची होती, ज्याचा सपोर्ट तेव्हा चालू होता. पुढच्याच महिन्यात नॉटपेट्या आलं, तेही तेच भोक वापरत होतं, आणि त्यात मर्स्क या जहाज कंपनीची सिस्टीम बसली तेव्हा आपल्या न्हावाशेव्याच्या बंदरातल्या एका टर्मिनलचं काम ठप्प झालं होतं, ट्रकांच्या रांगा लागलेल्या. आमच्याकडचा एक बेदाण्याचा व्यापारी, त्याचा एक्सपोर्टचा कंटेनर तेव्हा लटकला होता, तो मला विचारत होता की "माझ्या काँप्युटरला तर काही झालं नाही ना, मग माल का अडकला?" काय सांगणार.

मग बाबांचं "चालतंय ना" चूक का? पूर्ण चूक नाही. मशीनवर काय काम चालतं यावर ते आहे. आमच्या गावात एक प्रिंटिंग प्रेसवाले काका आहेत, त्यांच्याकडं अजून एक्सपी आहे, त्यात पानं मांडायचा पेजमेकर ७ आणि मराठी टायपिंगची श्रीलिपी. लग्नपत्रिका, निवडणुकीची पत्रकं, वास्तुशांतीची कार्डं, सगळं त्यावर. मी त्या मशीनला हातसुद्धा लावत नाही. त्याची नेटची केबल मी स्वतः काढून टाकलीय, वायफाय नाहीच, फक्त एक पेनड्राईव्ह जातो-येतो आणि तो आधी दुसऱ्या मशीनवर स्कॅन होतो. ते मशीन २०१४ पासून सपोर्टशिवाय आहे आणि ठणठणीत आहे. त्याला हल्ला करणार कोण, कुठून? पण तुमच्या बाबांच्या मशीनवर क्लायंटचे पॅन आहेत, आधारचे स्कॅन आहेत, पोर्टलचे पासवर्ड एका एक्सेल शीटमध्ये आहेत (असणारच, मी एकाही टॅक्सवाल्याकडं ते शीट नसलेलं बघितलेलं नाही, आणि फाईलचं नाव बहुतेक वेळा "पासवर्ड" हेच असतं), आणि दिवसभर अनोळखी लोकांकडून मेलवर बिलं, स्टेटमेंट, झिप फायली येतात त्या डबल क्लिक करून उघडल्या जातात. या मशीनला "चालतंय ना" लागू होत नाही.

हां, आणि एक गोष्ट जी बातम्यांत कुठंतरी खाली गेली. ऑफिस २०१६ आणि २०१९ चा सपोर्टही त्याच दिवशी, १४ ऑक्टोबरलाच संपला. तुमच्या मशीनवर बहुतेक २०१६ च असेल. म्हणजे मेलवर आलेली एक्सेल फाईल ज्या प्रोग्रॅममध्ये उघडते त्यालाही आता पॅच नाही. मला विचाराल तर टॅक्स ऑफिससाठी हे विंडोजपेक्षा आधी बघायचं काम आहे. बाहेरून आलेली फाईल उघडल्यावर वर पिवळी पट्टी येते ना, "एनेबल एडिटिंग", "एनेबल कंटेंट", ती सवयीनं दाबायची नाही. नुसतं बघायचं असेल तर पिवळ्या पट्टीसकट बघता येतं. जुनं ऑफिस काढून फुकटचं लिब्रेऑफिस टाका म्हणणारे भेटतील, त्यांना जीएसटीच्या ऑफलाईन टूलवर चार दिवस बसवा.

आता उपाय. सगळ्यात आधी जो करायचा तो फुकट आहे आणि दुकानदारानं तो तुम्हाला सांगितलेला नाही. मायक्रोसॉफ्टनं घरगुती मशीनसाठी एक वर्षाचे जादा पॅच ठेवलेत, ईएसयू म्हणतात, १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत. घ्यायचे तीन रस्ते: एक, ३० डॉलर भरायचे, म्हणजे अडीच-पावणेतीन हजार रुपये. दोन, मायक्रोसॉफ्टचे १००० रिवॉर्ड पॉइंट. तीन, मायक्रोसॉफ्ट अकाऊंटनं लॉगिन करून विंडोजची सेटिंग्ज त्यांच्या क्लाऊडवर सिंक करायची, की झालं, फुकट. एका अकाऊंटवर दहा मशीनपर्यंत चालतं, म्हणजे घरातलं, ऑफिसातलं, आत्याकडचं, सगळी येतील. उशिरा घेतलं तरी मधले सगळे पॅच मिळतात, त्यामुळं "आता वेळ गेली" असंही काही नाही.

करायचं कसं तर सेटिंग्जमध्ये अपडेट अँड सिक्युरिटी, तिथं विंडोज अपडेट, उजव्या बाजूला किंवा बटणाच्या खाली "एन्रोल नाऊ" दिसतं. दिसत नसेल तर घाबरू नका, आधी व्हर्जन बघा. स्टार्टमध्ये "विनव्हर" टाईप करा, एक छोटी खिडकी उघडते, त्यात २२एच२ (विंडोज १० ची शेवटची आवृत्ती) असं लिहिलेलं पाहिजे. माझ्याकडं येणाऱ्या दहातल्या तीन-चार मशीनवर १९०९ नाहीतर २००४ असतं, कारण कोणीतरी कधीतरी "अपडेटमुळं स्लो होतं" म्हणून अपडेट सर्व्हिसच बंद करून ठेवलेली असते. ती चालू करा, २२एच२ वर या, सगळे पेंडिंग अपडेट घ्या, मशीन रिस्टार्ट करा, मग ते बटण येतं.

यात एक खड्डा आहे तो सांगतो, कारण यात माणसं पडतात आणि मग माझ्याकडं येतात. सिंक करताना तो सेटिंग्जसोबत फोल्डरचाही बॅकअप घेऊ का विचारतो, डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स, पिक्चर्स. तिथं सरळ नेक्स्ट नेक्स्ट केलं की तुमचं आख्खं डेस्कटॉप वनड्राईव्हमध्ये (मायक्रोसॉफ्टची ऑनलाईन जागा) जाऊन बसतं. फुकटची जागा ५ जीबी. टॅक्सवाल्याच्या डेस्कटॉपवर ५ जीबी म्हणजे नुसत्या पीडीएफ. मग "स्टोरेज फुल" चे लाल मेसेज, मग कोणीतरी वैतागून वनड्राईव्ह अनइन्स्टॉल करतं आणि बघतं तर डेस्कटॉप मोकळं. फायली गेलेल्या नसतात, वनड्राईव्हच्या फोल्डरात असतात, पण तेवढ्यात अर्धा तास ऑफिसात सुतक. तेव्हा फोल्डरची बटणं बंद ठेवा, फक्त सेटिंग्जचं चालू ठेवा, तेवढ्यावर काम होतं.

आणि मायक्रोसॉफ्ट अकाऊंट बाबांच्याच नावाचं, बाबांच्याच मोबाईल नंबरवर बनवा. दुकानातल्या पोराच्या नाही. हे मी दोनदा सांगतोय म्हणून कंटाळू नका. मागच्या वर्षी एक हार्डवेअरवाले (खिळे-पाईपवाले हार्डवेअर, आपलं नाही) नवीन लॅपटॉप घेऊन आले, विंडोज ११, बायॉस (मशीन सुरू करणारा बोर्डवरचा प्रोग्रॅम) अपडेट झाल्यावर निळी स्क्रीन आणि त्यावर ४८ आकडी रिकव्हरी की मागतोय. बिटलॉकर. नव्या लॅपटॉपवर मायक्रोसॉफ्ट अकाऊंटनं लॉगिन केलं की डिस्क आपोआप लॉक होते, चावी त्या अकाऊंटमध्ये जाते, चांगली सोय आहे, लॅपटॉप चोरीला गेला तर डेटा कोणाला दिसत नाही. पण अकाऊंट कोणाचं? जिथून घेतला तिथल्या पोरानं घाईत स्वतःच्या कुठल्यातरी मेलवरून चालू करून दिला होता, आणि तो पोरगा काम सोडून पुण्याला गेलेला, मेल कुठला दिला ते त्यालाही आठवेना. मी काहीही करू शकलो नाही, कोणीच करू शकत नाही, तेच तर त्या लॉकचं काम आहे. साडेतीन वर्षांची बिलं त्यांनी जुन्या लॅपटॉपवरून यात कॉपी करून जुना विकलेला. फॉरमॅट मारून दिला. ते काका खुर्चीत बसून होते, काही बोलले नाहीत, चहा पण नको म्हणाले.

तर ईएसयू घेतलं की तुम्हाला ऑक्टोबर २०२६ पर्यंत श्वास मिळाला. मग दुसरा प्रश्न, विंडोज ११ तुमच्या मशीनवर चालतं का. अधिकृत उत्तर नाही. इंटेलची आठवी जनरेशन किंवा पुढची पाहिजे, (एएमडी असेल तर मोटामोटी रायझन २००० पासून पुढं), टीपीएम २.० पाहिजे, सिक्युअर बूट (सुरू होतानाच खोटी सिस्टीम अडवणारी सोय) पाहिजे. टीपीएम म्हणजे चाव्या ठेवायची एक छोटी तिजोरी समजा, वेगळी चिप असते किंवा प्रोसेसरमध्येच असते. गंमत अशी की तुमच्या सहाव्या जनरेशनमध्येही ती बऱ्याचदा असते, बायॉसमध्ये पीटीटी नावानं बंद करून ठेवलेली. विंडोजचं बटण आणि आर दाबून "टीपीएम डॉट एमएससी" टाईप केलं की कळतं आहे का नाही ते. पण टीपीएम सापडलं तरी प्रोसेसर यादीत नाही म्हणून नकार येतोच. आठव्या जनरेशनवाल्यांना मात्र सांगतो, "चालणार नाही" आलं तर आधी बायॉसमध्ये जाऊन पीटीटी चालू करा, निम्म्या वेळा तेवढंच असतं, आणि त्यासाठी माणसं नवीन लॅपटॉप घेऊन मोकळी झालेली मी बघितलीत.

यादी बायपास करता येते. रुफस नावाचं टूल आहे पेनड्राईव्ह बूटेबल करायचं, म्हणजे त्यावरून विंडोज टाकता येतं, त्यात टिक मारली की ती तपासणी काढून टाकतो. मी स्वतःच्या घरच्या सहाव्या जनरेशनवर असंच ११ टाकलंय, मुलगी वापरते, दर महिन्याचे पॅच येतात. पण वर्षातनं एकदा मोठी आवृत्ती येते ती आपोआप येत नाही, परत हातानं टाकावी लागते, आणि मायक्रोसॉफ्टनं स्पष्ट सांगितलंय की अशा मशीनला अपडेट मिळतीलच याची हमी नाही. ११ ची २४एच२ आवृत्ती आली तेव्हा कोअर टू ड्युओसारख्या जुन्या प्रोसेसरवर ते सुरूच होईना, कारण त्या प्रोसेसरला येत नसलेली एक आज्ञा (इन्स्ट्रक्शन) त्यांनी सक्तीची केली. म्हणजे रस्ता आहे, पण दुसऱ्याच्या शेतातून जाणारा. घरच्या मशीनला मी बिनधास्त करून देतो. ऑफिसच्या मशीनला, आणि तेही ३१ जुलैच्या तोंडावर रिटर्नं भरायची असताना, नाही करून देत. ईएसयू संपल्यावर, म्हणजे ऑक्टोबर २०२६ नंतर, नवीन घ्यायचं बजेट नसेल तर तेव्हा बायपास केलेलं ११ हे पॅच नसलेल्या १० पेक्षा नक्की बरं, हेही सांगून ठेवतो.

लिनक्स? आवडतं मला. विंडोजऐवजी टाकायची ही फुकटची सिस्टीम, त्यातलं मिंट २२ जुन्या मशीनवर मस्त पळतं, २०२९ पर्यंत अपडेट आहेत, मराठी टायपिंगला इनस्क्रिप्टचा लेआउट आहे. फक्त यूट्यूब, मेल, ब्राऊझर, असं मशीन असेल तर डोळे झाकून टाका. पण टॅली विंडोजवरच, बाबांच्या डिजिटल सहीच्या टोकनचे ड्रायव्हर, तो जुना डॉट मॅट्रिक्स, हे सगळं सांभाळत बसलात तर बाबा तुम्हाला घराबाहेर काढतील. सोडून द्या.

आता खरं सांगू का, तुमचा प्रश्न वाचल्या वाचल्या माझी नजर विंडोजवर नाही, दुसरीकडंच गेली. २०१६ ची हार्डडिस्क. म्हणजे फिरणारी तबकडी, जवळपास दहा वर्षं, ऑफिसात, रोज आठ-दहा तास, आणि आपल्याकडची लाईट. ती कुठल्या चोराची वाट बघत नाहीये. क्रिस्टलडिस्कइन्फो नावाचं छोटं फुकट टूल आहे ते टाका आणि उघडा. वर डावीकडं एक चौकोन दिसेल, निळा असेल आणि "गुड" लिहिलं असेल तर ठीक. पिवळा असेल आणि "कॉशन" असेल तर खाली यादीत "रिॲलोकेटेड सेक्टर्स" आणि "करंट पेंडिंग सेक्टर" या दोन ओळी बघा. रिॲलोकेटेड म्हणजे डिस्कनं खराब झालेली जागा सोडून देऊन दुसरीकडं लिहायला सुरुवात केलीय, पेंडिंग म्हणजे काही जागा वाचताच येत नाहीये आणि डिस्क अजून ठरवतेय काय करायचं. पेंडिंगमध्ये शून्याशिवाय काहीही दिसलं तर त्या क्षणी बाकी सगळं थांबवून डेटा बाहेर काढायचा. त्या डिस्कवर विंडोज ११ चा अपग्रेड मारायला जायचं नाही, अपग्रेडमध्ये डिस्कवर एवढं लिहिलं जातं की मरायला टेकलेली डिस्क तिथंच मरते आणि मग लोक म्हणतात ११ मुळं डेटा गेला.

तेव्हा माझा सल्ला: नवीन मशीन नको, एक एसएसडी (तबकडी नसलेली, चिपवर डेटा ठेवणारी डिस्क) घ्या. अडीच इंची साटा एसएसडी, ५१२ जीबी पुरे, तुमच्या बोर्डवर चालते. विंडोज आणि टॅली त्यावर. तुमचे बाबा ज्याला "मशीन म्हातारं झालं" म्हणतात त्यातलं बरंचसं म्हातारपण त्या तबकडीचं आहे, सहाव्या जनरेशनचा आय-फाईव्ह टॅलीला आणि ब्राऊझरला आजही भरपूर आहे. जुनी हार्डडिस्क चांगली असेल तर दुसऱ्या साटा केबलवर आत राहू दे, फक्त त्यावर एकमेव असलेलं काही ठेवू नका. रॅम मात्र आत्ता वाढवायच्या भानगडीत पडू नका. २०२५ च्या शेवटापासून रॅमचे भाव असे चढलेत की मुंबईचा लॅमिंग्टन रोडवाला सकाळचा भाव संध्याकाळी देत नाही. एआयच्या डेटा सेंटरना मेमरी लागते, कंपन्यांना तिकडं जास्त पैसे मिळतात, डिसेंबर २०२५ मध्ये मायक्रॉननं तर क्रूशियल हा आपल्यासारख्यांना माल विकणारा ब्रँडच गुंडाळायचं जाहीर केलं. इतकी वर्षं मी गिऱ्हाइकांना डोळे झाकून क्रूशियल देत आलो. एसएसडीचे भावही याच्याच मागोमाग वर जातायत, घ्यायची तर महिनाभर विचार करत बसू नका. आणि दुकानदार आत्ताच नवीन मशीन घ्या का म्हणतोय, तर त्यालाही पुढचा लॉट महाग पडणार हे माहितीय, त्याचा दोष नाही, त्याचा धंदा आहे.

८ जीबीवर टॅली, क्रोमच्या दहा टॅब आणि एक एक्सेल व्यवस्थित चालतं. मशीन कधी चालू होताना नुसतं बीप मारत बसलं तर रॅम काढून तिच्या सोनेरी पट्टीवर शाळेतला खोडरबर फिरवा आणि परत बसवा, निम्मी गिऱ्हाइकं माझ्याकडं याच कामाला येतात, हे सांगितल्यामुळं माझं नुकसान आहे खरं तर.

बॅकअपचं सांगायला लागलो तर रात्र होईल, म्हणून एकच सांगतो. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णेचं पाणी गावात शिरलं तेव्हा पाणी उतरल्यावर माझ्या दुकानासमोर चिखलानं भरलेल्या सीपीयूंची रांग लागली होती. त्यातल्या एका अकाऊंटंटकडं बॅकअप होता, नियमित, दर शनिवारी घ्यायचे, एक्सटर्नल हार्डडिस्कवर. ती डिस्क टेबलाच्या खालच्या ड्रॉवरमध्ये होती. दोन्ही एकत्रच बुडाल्या. तेव्हा टॅलीचा डेटा फोल्डर कुठं आहे ते आधी शोधा (टॅली प्राईम असेल तर बऱ्याचदा सी ड्राईव्हच्या युझर्समधल्या पब्लिकमध्ये असतो, डेस्कटॉपवरची टॅलीची खूण कॉपी केली म्हणजे डेटा घेतला असं समजणारेही भेटलेत), आणि त्याची एक कॉपी ऑफिसबाहेर, घरी, वरच्या मजल्यावर ठेवा. दोन पेनड्राईव्ह आलटून पालटून वापरा, एक लावलेला नसताना दुसरा लावायचा, म्हणजे एखादं रॅन्समवेअर आलंच तर दोन्ही एका वेळी सापडत नाहीत.

अजून दोन बारीक गोष्टी विचारल्यात त्यांचं पटकन. ब्राऊझर चालू राहतील का, तर हो, मायक्रोसॉफ्टचा एज ब्राऊझर विंडोज १० वर निदान ऑक्टोबर २०२८ पर्यंत अपडेट होणार असं मायक्रोसॉफ्टनंच सांगितलंय, डिफेंडरच्या (विंडोजच्या आतला अँटीव्हायरस) व्हायरस ओळखायच्या याद्याही तोपर्यंत येतील. पण याद्या येणं आणि भोक बुजणं यात फरक आहे, वॉचमनला चोरांचे फोटो दिले म्हणून मोडलेलं कुलूप दुरुस्त होत नाही. आणि नेट बँकिंग करायचं का, तर ईएसयू घेतल्यावर करा. त्याआधी नको.

दुसरं, "विंडोज १० एक्स्पायर झालं, या नंबरवर फोन करा" असा फुल स्क्रीन मेसेज आणि भोंगा वाजला तर तो मायक्रोसॉफ्टचा नाही. विंडोजच्या कुठल्याही खऱ्या मेसेजमध्ये फोन नंबर नसतो. ऑक्टोबरच्या बातम्यांनंतर हे फार वाढलंय माझ्याकडं, कारण लोकांच्या मनात "बंद झालं" बसलेलंच असतं, भामट्याला फक्त धक्का द्यायचा असतो. एनीडेस्क (लांबून मशीन चालवायचं ॲप) टाकायला सांगतात, मग पुढचं सगळं. कंट्रोल-आल्ट-डिलीट करून ब्राऊझर मारा, नाही जमलं तर सरळ पॉवरचं बटण दाबून ठेवा. आणि पैसे गेलेच तर तासाभराच्या आत १९३० या सरकारी सायबर हेल्पलाईनवर फोन, बँकेची ब्रँच उघडायची वाट बघायची नाही.

फुकटात ११ करून देतो, ओरिजिनल की चारशे रुपयात देतो म्हणणाऱ्या पोरांना मशीनला हात लावू देऊ नका. ॲक्टिव्हेटर (चोरीचं विंडोज ओरिजिनल भासवणारं टूल) चालवायच्या आधी तो डिफेंडर बंद करतो ना, तिथंच समजायचं.

अकाऊंटवाल्यांना वेळ मिळतो तो रविवारी, तर या रविवारी क्रम असा ठेवा की आधी डिस्कची तब्येत आणि टॅलीचा बॅकअप, मग एसएसडी, मग २२एच२, मग ईएसयू. उलट करू नका. आणि सीपीयू उघडलाच आहे तर बोर्डवरचा तो गोल सीमॉस सेल, सीआर २०३२, तोही बदलून टाका, घड्याळवाल्याकडंही मिळतो. दहा वर्षांत तो कधीच बदललेला नसणार. तो गेला की लाईट जाऊन आल्यावर मशीनची तारीख थेट २०१६ वर जाते, तारीख चुकली की जीएसटीचं पोर्टल असो की बँकेचं, एकही साईट उघडत नाही, सगळीकडं "सर्टिफिकेट चुकीचं आहे" असा लाल मेसेज, आणि मग बाबा मला फोन करून सांगणार की तुमच्या त्या नव्या अपडेटमुळं व्हायरस आला.